रंगमंचावर उधळलेले आठ घोडे

२९ नोव्हेंबर १८९९. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात दोन रथांना जुंपलेले आठ खरेखुरे घोडे रंगमंचावर चौखूर उधळले आणि तरीही विंगेत जाऊन आदळले नाहीत! नाटक होतं ‘बेन-हर’. घोड्यांच्या पायाखाली फिरते पट्टे बसवले होते. घोडा जितका पुढे झेपावे, तितकाच पट्टा मागे सरके आणि घोडा जागच्या जागी राही. पाठीमागे, शर्यत बघणारी गर्दी रंगवलेला लांबच लांब पडदा उलट दिशेने पळत असे. धावत्या गाडीतून झाडं मागे पळताना दिसतात ना, अगदी तसंच. समोर बसलेल्याला वाटे की रथच सुसाट निघालेत. शर्यतीत खलनायक मेसालाच्या रथाचं चाक निखळतं. ते ऐन क्षणी सुटावं अशीही यंत्रयोजना होती. पुढे १९०२ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात रथ चार झाले आणि घोडे सोळा.

हे सगळं ज्या कादंबरीतून उगवलं, तिचा लेखक ल्यू वॉलेस हा अमेरिकन यादवी युद्धातला सेनानी. ‘बेन-हर’चा शेवटचा भाग त्याने न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर असताना सांता फेमध्ये लिहिला. दिवसा त्या बेबंद मुलुखाचा कारभार, ज्यात बिली द किडसारखा बंदूकबाजही त्याच्याशी बोलणी करायला आलेला, आणि रात्री येशूच्या काळातलं जेरुसलेम. तोवर त्याने जेरुसलेम पाहिलंसुद्धा नव्हतं. ग्रंथालयांतली पुस्तकं आणि नकाशे एवढ्यावरच त्याने ते उभं केलं. जुदा बेन-हर हा ज्यू राजपुत्र, त्याचा बालमित्र मेसाला रोमन. मित्राच्या दग्यापायी जुदा जहाजावर वल्ही मारणारा गुलाम होतो आणि सुडाच्या ओढीने परततो. १८८० साली पुस्तक निघालं तेव्हा खप बेताचाच होता. मग मात्र ते असं पसरलं की ‘गॉन विथ द विंड’ येईपर्यंत अमेरिकन कादंबऱ्यांत त्याला तोड नव्हती.

नाटकवाले अर्थातच मागे लागले. वॉलेस बरीच वर्षं नाहीच म्हणत राहिला, कारण नटाने येशू साकारावा हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. अखेर तोड निघाली: येशूच्या जागी फक्त प्रकाशाचा झोत. मला या नाटकातलं सर्वांत थोर काही वाटत असेल तर हेच. घोड्यांसाठी एवढा यांत्रिक खटाटोप करणाऱ्या त्याच मंचावर कथेतली सर्वांत मोठी व्यक्ती दाखवायचीच नाही!

वॉलेस १९०५ साली वारला. दोनच वर्षांनी केलेम नावाच्या कंपनीने परवानगी न घेता पंधराएक मिनिटांचा ‘बेन-हर’ चित्रपट काढला. प्रकाशक आणि वॉलेसचे वारस कोर्टात गेले, आणि १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हलत्या चित्रांतून गोष्ट सांगणं हेही तिचं नाट्यरूपांतरच आहे. कादंबरीचे चित्रपट-हक्क विकत घ्यावे लागतात, त्यामागे या एका रिळाच्या चित्रपटाचा खटला आहे.

१९२५ च्या भव्य मूकपटात येशूचा बहुतेक ठिकाणी हातच दिसतो. त्या मूकपटाच्या रथशर्यतीवर विल्यम वायलर नावाचा एक तरुण सहायक राबत होता. १९५९ चा ‘बेन-हर’ त्यानेच दिग्दर्शित केला आणि त्या चित्रपटाला अकरा ऑस्कर मिळाली. त्यातली शर्यत रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेल्या अवाढव्य मैदानावर चित्रित झाली. तिथे पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. ऐकू येतात त्या टापा, चाकं आणि आरोळ्या. जुदा झालेल्या चार्ल्टन हेस्टनच्या जागी रथ हाकणारा जो कॅनट एका उडीत रथावरून पुढे फेकला गेला, कसाबसा वाचला, आणि तो प्रसंग चित्रपटात तसाच ठेवला गेला.

मला मात्र त्या चित्रपटातलं नाझरेथ जास्त हलवून जातं. साखळदंडांत बांधलेल्या जुदाला पाणी द्यायचं नाही असा रोमन अधिकाऱ्याचा हुकूम. कोणीतरी येऊन त्याच्या तोंडाला पाणी लावतं. अधिकारी चाबूक सरसावून धावतो, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो आणि गडबडून थबकतो. कॅमेरा पाठीमागेच राहतो. आपल्याला दिसतात ते फक्त केस आणि खांदे. चेहऱ्यावर काय होतं ते त्या अधिकाऱ्याच्या नजरेतून ताडायचं. १८९९ च्या प्रकाशझोताचाच हा साठ वर्षांनंतरचा अवतार आहे.

२०१६ साली ‘बेन-हर’ पुन्हा आला. या वेळी येशूला चेहरा होता, संवादही होते, आणि शर्यतीच्या दिमतीला संगणक. चित्रपटाचा खर्चसुद्धा भरून निघाला नाही. अपयशाची कारणं अनेक असतील, पण त्या अधिकाऱ्याच्या थबकण्याने जे साधलं होतं ते इथे एवढं सगळं दाखवूनही साधलं नाही.