जुन्या वाहनांवरील धातूचे बिल्ले

मौद्याहून पूर्वेस गेलें असतां भंडारा लागतें. तेथील पितळी भांडीं सर्वश्रुत आहेत. पितळेवर चढलेला काळसर थर चिंचेनें कसा काढावा, हें आपल्याकडील गृहिणींस शिकवावें लागत नाहीं. परंतु तोच उपाय जुन्या मोटारीच्या अथवा मोटारसायकलीच्या बिल्ल्यावर डोळे मिटून केल्यास बिल्ला कायमचा हातचा जाण्याचा संभव असतो.

बिल्ला म्हणजे वाहनाच्या पुढील जाळीवर किंवा टांकीवर बसविलेलें निर्मात्याचें चिन्ह. तें केवळ शोभेचें नसतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत बनणारी फियाट ११०० ही गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें विकली जाऊं लागली. अंगकाठी बहुतांशीं तीच. नांव मात्र निराळें. तेव्हां १९६८ च्या गाडीवर पद्मिनीचा बिल्ला ठोकणें म्हणजे तिची जन्मपत्रिकाच खोटी करणें होय. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनास ‘व्हीए’ या अक्षरांचा स्वतंत्र नोंदणीक्रमांक मिळूं शकतो. नियमाचा कटाक्ष सांगाडा व इंजिन यांवर आहे. जाणत्याची दृष्टि मात्र प्रथम बिल्ल्यावर जाते.

काम हातीं घेण्यापूर्वीं बिल्ला कोणत्या धातूचा आहे तें ठरवावें. पाठीमागील न दिसणाऱ्या भागीं टांचणीनें बारीक ओरखडा काढावा. पिवळा दिसला तर पितळ, तांबूस दिसला तर तांबें, निळसर पांढरा दिसला तर बहुधा जस्ताचें ओतकाम. पुढील सर्व कृति या भेदावर अवलंबून आहे. तांबें १०८५ अंश सेंटिग्रेडला वितळतें. म्हणून त्याच्या खोलगट भागांत रंगीत कांचेची पूड भरून ती सुमारें ८०० अंशांवर भट्टींत भाजतां येते. हेंच खरें मीनाकाम. जस्ताचें ४२० अंशांच्या आंतच पाणी होतें; त्यावर मीना चढवूं गेल्यास भट्टींतून चिन्हाऐवजीं गोळा निघेल. म्हणून जस्ताच्या बिल्ल्यांस क्रोमचा मुलामा देऊन खोबणींत साधा रंग भरीत. आंबट पदार्थ जस्तास खातो व जुन्या मीन्याचीही झळाळी मारतो. यास्तव चिंच व लिंबू हीं उघड्या पितळेपुरतींच.

मीन्यास तडा गेला असला तर तो तसाच राहूं द्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे. भाजलेल्या कांचेची खोली रंगास येत नाहीं. आणि कानशीनें एकदां झिजविलेली अक्षरांची धार कोणीही परत आणूं शकत नाहीं.

रंगाचा बिल्ला मात्र खुशाल पुन्हां रंगवावा. प्रथम कोमट पाणी, साबण व मऊ कुंचला. तारेचा ब्रश वर्ज्य. जुना रंग थिनरनें मऊ करून दांतकोरण्यानें काढावा, नंतर स्पिरिटनें पुसून तेलकटपणा घालवावा. नवा रंग सारवूं नये. बारीक सुईच्या टोंकानें थेंबाथेंबानें सोडावा. पृष्ठताणामुळें तो आपोआप कडेपर्यंत पसरून सपाट बसतो. एका जाड थरापेक्षां दोन पातळ थर बरे, कारण जाड थरावर साय धरते व आंतील रंग ओला राहून पृष्ठभाग सुरकुततो. आपल्याकडील वैशाखांत ही साय फारच लवकर धरते. पावसाळ्यांत दमट हवेनें कित्येक रंग पांढुरके पडतात. कार्तिक ते माघ हे कोरडे दिवस उत्तम. धूळ बसूं नये म्हणून वर वाटी पालथी घालावी. दुसऱ्या दिवशीं सपाट लाकडी पट्टीस कापड ताणून गुंडाळावें व थिनरचा किंचित ओलावा देऊन उंच अक्षरांवरून एकदांच फिरवावें. कापड बोटास गुंडाळल्यास बोट खोबणींत दबतें आणि नुकताच भरलेला रंग निघून येतो.

क्रोमचा मुलामा घरीं देण्याच्या भानगडींत पडूं नये. त्याच्या द्रावणांत बहुधा वापरलें जाणारें षट्संयुजी क्रोमियम विषारी असतें. असलेला मुलामाही फार घासूं नये. तो सामान्यतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ असतो.

बिल्ला परत बसवितांना त्याच्या व पत्र्याच्या मध्यें रबराची पातळ चकती घालावी. पितळ व पोलाद यांच्या फटींत पावसाचें पाणी शिरलें कीं पोलाद झपाट्यानें गंजूं लागतें, आणि बिल्ल्याखालचा गंज बिल्ला काढीपर्यंत दिसत नाहीं.