घर नवे, गरम पाणी कशाचे?

घराचा स्लॅब पडला, प्लास्टर सुरू झाले की मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : आंघोळीच्या पाण्याला काय घ्यावे? बंब घराबाहेर गेला, गीझर आला, गच्चीवर सौरबंब आला. आता दुकानदार हीट पंपही सुचवतात. नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) घर बांधणाऱ्याने निवड कशी करावी, एवढेच आज सांगतो.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते.

हिशेब करू. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साडेतीन युनिटांची उष्णता लागते. गीझर तेवढी वीज घेतो, हीट पंप सव्वा युनिटाच्या आसपास. रोज सव्वादोन युनिटे वाचली, तर वर्षाला आठशेच्या वर. त्याला आपल्या बिलातल्या दराने गुणा आणि किमतीतला फरक किती वर्षांत फिटतो ते पाहा. दोघांच्याच घरात फार तर पन्नास लिटर पाणी लागत असेल, तर चांगल्या स्टारचा गीझर पुरे. सहा-सात माणसांच्या घरात मात्र हीट पंपाचा विचार जरूर करावा.

मग सूर्य? शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्यांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला, तो याच उन्हावर. पारनेर, कर्जत, जामखेड या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत गच्ची मोकळी असेल तर सौरबंबाला तोड नाही. अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरकडे पावसाळाभर आभाळ उतरत नाही. तिथे, किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडते तिथे, हीट पंप उजवा ठरतो. त्याला ऊन नको, हवा हवी.

हवा जितकी थंड, तितका हीट पंप कमी काम करतो. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो. त्यामुळे तो पहाटे लावू नका. दुपारी टायमरवर चालवा आणि जाड आवरणाच्या टाकीत पाणी सकाळपर्यंत साठवा. छतावर वीज देणारे सौर पॅनेल असतील तर दुपारची वीज घरचीच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा पॅनेलना तीन किलोवॅटपर्यंत कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले आहे. ते विजेच्या पॅनेलना आहे, सौरबंबाला नव्हे.

दुसरी गोष्ट क्षारांची. बोअरचे पाणी जड असेल तर सौरबंबाच्या नळ्यांत आणि गीझरच्या कॉईलवर खर साचते. हीट पंप घेताना तापणारी नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली आहे ना, हे विचारा. टाकीत गंज रोखणारा दांडा असतो, तो किती दिवसांनी बदलायचा तेही विचारा. रोज ५०-५५ अंश पुरे; आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत तापवावे, म्हणजे साठलेल्या पाण्यात जंतू वाढत नाहीत.

फरशी बसण्यापूर्वी एवढे करा : यंत्र मोकळ्या हवेत, पण झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून दूर ठेवा. त्यातून ठिबकणाऱ्या पाण्याला वाट द्या. अर्थिंग नीट करून घ्या. गरम पाण्याची नळी जवळची आणि आवरण घातलेली असू द्या. कॉम्प्रेसर आणि टाकी यांची हमी वेगवेगळी लिहून घ्या, आणि दुरुस्तीला माणूस तालुक्याच्या गावाहून येणार की पुण्याहून, हे पैसे देण्याआधी विचारा. भिंतीतली नळी एकदा बुजली की तिची जागा बदलायला पुन्हा भिंत फोडावी लागते.