लोअर आर्मचे बुश गेले कसे ओळखाल?

खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्' असा आवाज आला की बहुतेक जण शॉकॲब्सॉर्बरवर खापर फोडतात. आवाज ब्रेक दाबताना आणि सोडताना येत असेल, ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, अलाइनमेंट करूनही टायर आतल्या कडेने झिजत असेल, तर आधी लोअर आर्मचे बुश पाहा.

गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टॉमीने आर्म हलवून पाहा. रबर थोडे दबणारच. पण ते फाटलेले असेल, धातूच्या नळीपासून सुटले असेल किंवा आर्म मोकळा डुलत असेल, तर बुश बदलायला हवा. वरवरच्या बारीक भेगांनी घाबरू नये.

जुना बुश प्रेसवर काढतात. हातोड्याने ठोकून काढला तर आर्म वाकू शकतो. बॉल जॉइंटही सैल असेल तर अख्खा आर्म बदलणे सोयीचे. बदल दोन्ही बाजूंना एकदमच करावा.

खरी मेख बोल्ट आवळण्यात आहे. चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच अंतिम आवळणी करावी, तीही कंपनीने दिलेल्या टॉर्कप्रमाणे. मग अलाइनमेंट.

पावसाळ्याआधी गाडीखाली तेल फवारून घेता? निदान बुश तरी त्यातून वाचवा. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते.