धडधाकट माणसाला रोजची ॲस्पिरिन?

ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. गुठळी टळते ती यामुळेच, आणि पोटात किंवा मेंदूत रक्तस्रावाची भीतीही यामुळेच.

या गोळीचा बोलबाला झाला तो अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीनंतर. दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी घटल्याचे १९८९ साली जाहीर झाले. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र घटले नव्हते. हा भाग फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

२०१८ मध्ये 'ॲस्प्री' चाचणीचे निष्कर्ष आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ निरोगी ज्येष्ठ, बहुतेक सत्तरी गाठलेले. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. सुमारे पावणेपाच वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनवाल्यांत ३.८ टक्के, इतरांत २.८ टक्के.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये स्पष्टच सांगितले: निव्वळ प्रतिबंधासाठी साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये.

झटका येऊन गेलेल्यांची किंवा स्टेंट बसवलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना फायदा सिद्ध झालेला आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.