भोजपासून ‘भीमायन’पर्यंत

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी या बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, कथाकथन होतं, कविसंमेलन रंगतं. चित्रकथा मात्र आपण अजून पोरांच्या खाऊतच धरतो.

वास्तविक शब्दांवाचून चित्र वाचायची सवय मराठी वाचकाला लावली ती याच मुलखातल्या माणसानं. शि. द. फडणीस १९२५ साली निपाणीजवळच्या भोज गावी जन्मले. त्यांच्या हास्यचित्राखाली बहुधा ओळ नसते. नजर कोपऱ्याकोपऱ्यात फिरते, तेव्हा कुठं गंमत उलगडते. पुढं इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आला, १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ आला. वेताळ आपण भराभरा वाचला, कारण पुढं काय झालं एवढंच हवं होतं. छोट्या प्रकाशनांच्या चित्रकथा अशा वाचल्या तर हाती काही लागत नाही.

ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ घ्या. १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण संस्थेनं ते काढलं. विषय नर्मदेवरचं धरण, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणीतलीही गावं बुडवणारं. आदिवासी गायकाची सृष्टिकथा आणि शहरी पत्रकाराचा प्रवास त्यात शेजारी शेजारी चालतात. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून नाव झालं, तरी पुस्तक वर्षानुवर्षं मिळत नव्हतं. २०२२ साली चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’नं ते पुन्हा छापलं. छोट्या प्रकाशनाचं हे दुखणं जुनंच: नाव होतं, प्रती संपतात.

माझ्या मते या सगळ्यांत सरस ‘भीमायन’. ‘नवयान’नं २०११ साली काढलेलं, बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग सांगणारं हे पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्यानं चितारलंय. चौकोनी चौकटींत माणसं कोंबायला त्यांनी नकार दिला. पान वळणावळणाच्या नक्षीनं विभागलेलं. सोसणाऱ्याचं बोलणं पाखराच्या आकारात, विखारी बोलणं विंचवाच्या नांगीसह. मजकूर वाचायच्या आधीच कोण कसं बोलतंय ते कळतं! त्याच वर्षी ‘नवयान’नंच जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ काढलं. चित्रकार अपराजिता निनन. आपल्या महापुरुषांवरची ही दोन्ही पुस्तकं मूळ इंग्रजीत झाली, याची मला चुटपुट लागते.

फ्रान्समध्ये १९९० साली काही चित्रकारांनीच एकत्र येऊन ‘लासोसिआसिओँ’ हे प्रकाशन काढलं. मार्जान सत्रापींचं जगभर गाजलेलं ‘पर्सेपोलिस’ २००० साली तिथंच छापायला सुरुवात झाली. आपल्याकडं पैशांची सबब पुढं येते. पण शरद शर्मांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’नं ती केव्हाच मोडीत काढलीय. ए-फोरचे दोन कागद, चार चौकटी, गावातल्याच माणसानं काढलेली गोष्ट. झेरॉक्स मारायच्या आणि भिंतीवर, एसटी स्टँडवर चिकटवायच्या. रेघ वाकडी असली तरी चालते. गोष्ट स्वतःची हवी.

संमेलनांच्या संयोजकांना म्हणून एक विनंती. येत्या खेपेला एखादं सत्र चित्रकथेला द्या, हायस्कूलच्या मुलांना चार चौकटींचे कागद वाटा आणि त्यांनी काढलेल्या गोष्टी मांडवाच्या कापडावर टाचा.