रक्तात साखर, तरी मेंदू उपाशी

तीन-चार महिन्यांच्या बाळाला फिट येते. अधूनमधून त्याचे डोळे आणि मान एकाएकी झटकल्यासारखी फिरते. एमआरआयमध्ये फारसे काही सापडत नाही, रक्तातील साखरही ठीक असते. औषधे बदलली जातात, डोस वाढतो. फिट मात्र थांबत नाहीत. पुढे बसणे, चालणे, बोलणे मागे पडू लागते. अशा मोजक्या मुलांमध्ये खरा दोष असतो तो मेंदूला ग्लुकोज पुरेसे न पोहोचण्याचा. या दुर्मीळ जनुकीय विकाराला ‘ग्लुट-१ डेफिशियन्सी सिंड्रोम’ म्हणतात.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी तो शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा वापरतो. वाढत्या मुलांत हा वाटा आणखी मोठा असतो. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज, आणि त्याचा साठा मेंदूत नगण्य. त्यामुळे पुरवठा अखंड चालू राहावा लागतो. मात्र मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. त्यांतून ग्लुकोज आपोआप झिरपत नाही. ‘ग्लुट-१’ हे प्रथिन त्याला दार उघडून देते. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तरी पुरवठा तोकडा पडतो.

अमेरिकेतील बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. डॅरिल डी व्हिवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन बालकांच्या अभ्यासातून हा विकार प्रथम मांडला. बहुतेक रुग्णांत जनुकातील बदल नव्याने झालेला असतो, म्हणजे आई-वडिलांत तो नसतो. गर्भारपणात आईचे काही चुकले म्हणून हे होत नाही. मात्र रुग्णाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

निदानाचा महत्त्वाचा धागा अनेकदा घरातच सापडतो. सकाळी उपाशीपोटी मूल अडखळते, फिट जास्त येतात आणि खाल्ल्यावर बरे वाटते, असे काही पालकांच्या लक्षात येते. सौम्य प्रकारात बराच वेळ चालल्यावर पाय वाकडे पडतात. अशा वेळी काही तास उपाशी ठेवून पाठीतले पाणी तपासले जाते. त्यातील साखर साधारणपणे रक्तातील साखरेच्या ६० टक्क्यांच्या आसपास असते. या विकारात ती बहुधा ४० मिलिग्रॅमच्याही खाली असते. सोबत जनुकीय चाचणी करतात. पाठीतले पाणी काढायचे म्हटले की पालक घाबरतात, पण इथे तीच तपासणी उपचाराची दिशा बदलू शकते.

कारण यावरचा मुख्य उपचार म्हणजे आहार. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी सुचवलेला कीटोजेनिक आहार इथे नेमका लागू पडतो. भात, पोळी, साखर अगदी कमी आणि तूप, लोणी, साय, तेल भरपूर. स्निग्ध पदार्थांपासून यकृत कीटोन तयार करते आणि हे कीटोन वेगळ्या दाराने मेंदूत शिरतात. अनेक मुलांच्या फिट त्यामुळे थांबतात किंवा बऱ्याच कमी होतात. आहार जितका लवकर सुरू होईल, तितका वाढत्या मेंदूला फायदा अधिक.

हा आहार घरच्या घरी अंदाजाने करण्याचा नाही. प्रत्येक घास ग्रॅममध्ये मोजावा लागतो, जीवनसत्त्वे व कॅल्शियम वेगळे द्यावे लागते, रक्ताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. खोकल्याच्या गोड सिरपमधली साखरही हिशेबात धरावी लागते. फिटची चालू औषधे स्वतःहून बंद करणे तर धोक्याचेच. मात्र औषधांना दाद न देणाऱ्या फिट लहान वयात येत असतील आणि कारण सापडत नसेल, तर ‘पाठीतल्या पाण्यातली साखर तपासली आहे का?’ हा प्रश्न पालकांनी डॉक्टरांना जरूर विचारावा.