अंगावर वागवायचा प्राणवायू : लेखांक सातवा

चुलीच्या धुराने आणि जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने वऱ्हाडातील फुप्फुसांची काय दशा होते, हे मागील लेखांकात आपण पाहिले. पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या यांचा धूर ज्या स्त्रीने तीस-चाळीस वर्षे रोज दोन वेळा गिळला, किंवा ज्या पुरुषाने त्याच्या जोडीला विडीही ओढली, त्यांच्या वायुनलिका आकसतात, वायुकोशांच्या नाजूक भिंती विरत जातात, आणि पुढे एक अवस्था अशी येते की, औषधाचा पंप वेळेवर ओढूनही आणि थंडी-पावसाळा जपूनही रक्तात पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही. अशा वेळी डॉक्टर जेव्हा घरी ऑक्सिजन घेण्याचा सल्ला देतात, तेव्हा अकोट-दर्यापूरकडच्या घरात जी अवकळा पसरते, ती रोगाहून गैरसमजाची अधिक असते. कारण नाकाला नळी लागली म्हणजे माणूस आता थोड्या दिवसांचा सोबती, अशीच आपल्याकडील सार्वत्रिक धारणा आहे.

ही धारणा २०२१ सालाने अधिकच घट्ट केली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची झळ महाराष्ट्रात ज्या मुलखाला आधी लागली त्यांत आपला वऱ्हाड होता, आणि २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून अमरावतीत टाळेबंदीचा अंमल सुरू झाला, हे येथील कोणी विसरलेले नाही. पुढे एप्रिलमध्ये कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेलेली पहिली प्राणवायूची रेल्वेगाडी २३ तारखेला नागपुरास परतली, तीन टँकर तेथे उतरवून उरलेले चार घेऊन बडनेरा-अकोल्याच्या लोहमार्गाने नाशिककडे रवाना झाली, तेव्हा प्राणवायू ही रुग्णालयात अखेरच्या क्षणी लागणारी आणि नेमकी तेव्हाच न मिळणारी वस्तू आहे, असा ठसा लोकांच्या मनावर उमटला. त्या आपत्तीपुरता तो खोटा नव्हता. परंतु फुप्फुसाच्या जुनाट विकारात जो प्राणवायू घरी दिला जातो, त्याचा हेतू, त्याचे मान आणि त्याचा हिशेब सर्वस्वी निराळा आहे, आणि तो हिशेब तासांचा आहे.

ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ८७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला दिवसातून किमान १५ तास प्राणवायू दिला आणि दुसऱ्याला दिला नाही. पाच वर्षांच्या अवधीत प्राणवायू न मिळालेल्या ४५ जणांपैकी ३० दगावले, मिळालेल्या ४२ जणांपैकी १९. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८० साली, उत्तर अमेरिकेतील २०३ रुग्णांच्या चाचणीत केवळ रात्री प्राणवायू घेणारे आणि जवळजवळ अहोरात्र घेणारे यांची तुलना झाली, तेव्हा केवळ रात्री घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट भरले. या दोन चाचण्यांवर जगभरचा शिरस्ता आजही उभा आहे. दम लागला की अर्धा तास नळी लावायची आणि बरे वाटले की काढून खुंटीला अडकवायची, ही जी रीत मी आपल्याकडील कित्येक घरांतून पाहिली आहे, तिने मनाला दिलासा मिळत असेल. आयुष्य वाढत नाही.

आता पंधरा तास म्हणजे झोपेचे आठ वजा जाता जागेपणीचे सात. हे सात तास रुग्णाने खाटेला खिळून काढावेत, अशी अपेक्षा केली तर तो नळी फेकून देईल, आणि मानवी स्वभाव पाहता ते रास्तच आहे. त्याला अंगणात बसायचे असते, नातवाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे असते, नवरात्रात अंबादेवीला जायचे असते. शिवाय जो हालचाल सोडतो त्याचे स्नायू झडतात, आणि झडलेल्या स्नायूंना तेच काम करण्यास अधिक प्राणवायू लागतो, असे हे दुष्टचक्र आहे. म्हणून अंगावर वागवता येईल असे साधन ही चैन नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेत आल्व्हन बाराक या वैद्याने विसाव्या शतकाच्या मध्यास लहान नळकांडी भरून रुग्णांना चालते करण्याचा ध्यास घेतला, आणि १९६० नंतरच्या दशकात डेन्व्हर येथे थॉमस पेटी यांनी द्रवरूप प्राणवायूचे खांद्यावर वागवायचे पात्र रुग्णांना देऊन त्यांना अंथरुणातून उठवले, त्यामागील विचार हाच होता.

आपल्याकडे घरपोच द्रवरूप प्राणवायूची व्यवस्था रुजलेली नाही, तेव्हा आपला विचार सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर या दोहोंपुरताच. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा जो मध्यम सिलिंडर रुग्णवाहिकेत दिसतो त्यात सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर या मानाने तो साडेबारा तास पुरतो, म्हणजे पंधरा तासांच्या एका दिवसालाही अपुरा, आणि तो अंगावर वागवणे तर अशक्यच. ॲल्युमिनियमचे जे लहान नळकांडे पिशवीत मावते त्यात दीड-पावणेदोनशे लिटर वायू बसतो, आणि त्याच मानाने तो सव्वा-दीड तासात संपतो. मूर्तिजापूरहून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात तपासणीस जाऊन, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहून, औषधे घेऊन परतायचे तर त्याने कसे निभावेल?

येथे कॉन्सन्ट्रेटर उपयोगी पडतो. भोवतालच्या हवेत प्राणवायू २१ टक्के आणि नत्रवायू ७८ टक्के. हे यंत्र हवा ओढून दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांतून पाठवते. ते कण नत्रवायू धरून ठेवतात आणि चाळणीतून पीठ खाली उतरावे तसा ९० ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे निघून जातो. काही सेकंदांनी दाब सोडला की अडकलेला नत्रवायू बाहेर पडतो, आणि तोवर दुसऱ्या नळकांड्यात तेच कार्य सुरू झालेले असते. कोरोनानंतर अनेक जिल्हा रुग्णालयांच्या आवारात जे प्राणवायूचे प्रकल्प उभे राहिले, तेही याच तत्त्वावर चालतात. घरी ठेवायचे यंत्र मिनिटाला पाच लिटर देते. अंगावर वागवायचे यंत्र दोन-तीन किलोंचे, खांद्याला अडकवायचे आणि बॅटरीवर चालणारे असते.

या छोट्या यंत्राची खुबी आणि त्याचा धोका, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. श्वसनाच्या प्रत्येक आवर्तनात आत घेण्याचा काळ सुमारे एक तृतीयांश. उरलेल्या काळात नळीतून वाहणारा वायू बव्हंशी वाया जातो. हे ध्यानी घेऊन छोटे यंत्र नाकपुडीतील दाबाचा सूक्ष्म उतार ओळखते आणि श्वास सुरू होताक्षणी तेवढाच एक झोत सोडते. त्यामुळे मिनिटाला एक लिटरच्या आसपास निर्मिती करूनही ते पुष्कळांची गरज भागवते. परंतु त्याच्या पडद्यावरील '२' हा आकडा म्हणजे दोन लिटर नव्हेत, हे विक्रेते बहुधा सांगत नाहीत आणि रुग्ण विचारत नाहीत. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत त्याच आकड्याला निरनिराळा वायू मिळतो. भरभर चालताना श्वास वाढला की काही यंत्रांतील प्रत्येक झोत लहान होतो. आणि झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याचा श्वास यंत्राला कधी कधी ओळखूच येत नाही. म्हणून माझे मत असे की, यंत्र विकत घेण्यापूर्वी ते लावून, बोटाला ऑक्सिमीटर अडकवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा मिनिटे चालून पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. आणि रात्रीसाठी घरचे मोठे यंत्र निराळे ठेवावे.

आपल्या मुलखाची आणखी एक अडचण आहे, ती माहितीपत्रके लिहिणाऱ्यांच्या खिजगणतीतही नसते. या यंत्रांच्या वापराची कमाल मर्यादा ३२ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, आणि अकोल्याचा वैशाख ४५ अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली किंवा एस.टी.च्या खिडकीशी यंत्र तापले की धोक्याची घंटा वाजते, शुद्धता घसरते, बॅटरी लवकर उतरते. उन्हाळ्यात प्रवास पहाटे उरकावा, यंत्र उन्हात ठेवू नये, त्याची जाळी पऱ्हाटीच्या भुशाने आणि कापसाच्या तंतूंनी चोंदू देऊ नये. ज्यांना चिखलदऱ्याला जाण्याची हौस आहे त्यांनीही आधी विचारून घ्यावे. तेथील सुमारे अकराशे मीटर उंचीवर हवेचा दाब अमरावतीहून कमी असतो आणि घरी पुरणारी मात्रा तेथे अपुरी पडते. विजेचे म्हणाल तर घरचे यंत्र ३५० वॉटच्या आसपास वीज खाते. दिवसाचे १५ तास म्हणजे महिन्याला दीडशेहून अधिक युनिटे, आणि खेड्यातील भारनियमन पाहता भरलेला एक सिलिंडर घरात राखीव असलाच पाहिजे.

तथापि ज्याला गरज नाही त्याने हे ओझे वागवू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विश्रांतीच्या स्थितीत रक्तातील प्राणवायू ८८ टक्के किंवा त्याखाली सातत्याने राहत असेल, तर उपचार ठरतो. ज्यांची घट मध्यम आहे अशा ७३८ रुग्णांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचे आयुष्य प्राणवायूने वाढले नाही. टाळेबंदीच्या भयाने घेतलेले यंत्र घरात आहे म्हणून धाप लागताच ते लावणे योग्य नाही. आणि ज्याला लागते त्यानेही स्वतः मात्रा वाढवू नये: या विकारातील काही रुग्णांच्या रक्तात कर्बवायू साठत असतो, अतिरिक्त प्राणवायूने तो आणखी चढतो, गुंगी येते आणि जीवावर बेतते, म्हणून त्यांच्यासाठी ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठेवतात. नळी लावून चुलीपुढे, देवघरातील निरांजनापुढे किंवा विडी ओढणाऱ्याच्या शेजारी कदापि बसू नये. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण त्याने माखलेला पदर आणि दाढी क्षणात पेट घेते.

अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक अजून इर्विन म्हणतात, आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्या दाराशी रोज येणाऱ्या धाप लागलेल्या म्हाताऱ्यांपैकी फार थोड्यांना असे यंत्र स्वतः घेणे परवडेल. महामारीच्या काळात केंद्राने पीएम केअर्स निधीतून एक लाख कॉन्सन्ट्रेटर घेण्यास मंजुरी दिली होती, आणि दानशूरांनीही गावोगावी यंत्रे दिली. त्यांपैकी जी आपल्या तालुक्यात असतील त्यांची नोंदवही करून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, नाममात्र अनामत घेऊन ती गरजूंच्या घरी देण्याची तजवीज जिल्हा परिषदांनी आणि सेवाभावी मंडळांनी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या वाचकांच्या घरी असे यंत्र वापराविना पडून असेल, त्यांनी ते तंत्रज्ञाकडून तपासून घेऊन जवळच्या रुग्णालयात या आठवड्यातच कळवावे. यंत्र लागेल असा रुग्ण त्या रुग्णालयाच्या ओळखीचा असतोच.